आवडता सिनेमा चारचौघांना दाखवताय? या चुका टाळा

नाटक सुटल्यावर ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या बाहेर माणसं लगेच पांगत नाहीत. कुणी तलावपाळीच्या कडेने चालत दुसऱ्या अंकावर बोलत राहतं, कुणी वड्याच्या गाडीपाशी उभं राहून वाद घालतं. सिनेमाच्या नशिबी हे कमी येतं. मॉलमधला खेळ संपला की मागच्या दाराने बाहेर, लिफ्टने पार्किंगमध्ये आणि तिथून घोडबंदर रोडच्या गर्दीत. बोलायचं मनातच राहून जातं. म्हणून सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा कुणाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा एकत्र सिनेमा बघायचा आणि मग त्यावर बोलायचं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

अशा गटांचं पुढे बरेचदा एकच होतं. पहिल्या खेळाला हॉल भरतो, तिसऱ्याला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘लोकांना चांगले सिनेमे नकोच असतात.’ मला हे पटत नाही. दाखवणाऱ्याने तो सिनेमा चार वेळा पाहिलेला असतो आणि समोरचा पहिल्यांदा बघतोय, याचा त्याला विसर पडतो. गट मोडतात ते बहुतेक यामुळेच.

निवड: मतदानाने नको, भारीपणानेही नको

व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं की सगळ्यांनी आधीच पाहिलेला सिनेमा जिंकतो, कारण न पाहिलेल्याला मत कोण देणार? याच्या उलट चूक म्हणजे पहिल्याच रविवारी तीन तासांचा, संथ, जगभर नावाजलेला सिनेमा लावणं. माणसं कौतुकाने बसतात, पण पुढच्या वेळी त्यांच्या घरी पाहुणे येतात.

पाळी लावा. प्रत्येक सदस्याने आपला एक आवडता सिनेमा आणायचा आणि सुरुवातीला दोन मिनिटांत सांगायचं की हाच का. गोष्ट सांगायची नाही. ‘शेवट बघाच’ असंही म्हणायचं नाही, कारण मग माणूस सिनेमा सोडून शेवटाची वाट बघत बसतो. ‘हा मी वडिलांबरोबर पाहिला होता’ एवढं पुरतं. सुरुवातीला दोन तासांच्या आतले सिनेमे घ्या. मुलं येणार असतील तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. आता यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे वेगळे गट असतात, त्यामुळे अंदाजाने ठरवायची गरज नाही.

‘चित्र काळं, नुसता आवाज’ आणि बाकीच्या तक्रारी

लॅपटॉपवर दिसतंय, प्रोजेक्टरवर मात्र काळा पडदा आणि मागे संवाद चालू. प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. ओटीटीवरचा सिनेमा कॉपी होऊ नये म्हणून डबा (टीव्हीला जोडायचा ओटीटी बॉक्स) किंवा लॅपटॉप, केबल, स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) आणि प्रोजेक्टर या सगळ्यांनी एकमेकांना ओळख पटवावी लागते. मध्ये एखादा जुना कन्व्हर्टर किंवा साधा स्प्लिटर आला की ही साखळी तुटते. मधले तुकडे काढा, स्टिक किंवा डबा थेट प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये लावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

मोठ्या टीव्हीवर दाखवत असाल तर चित्र अतिगुळगुळीत, मालिकेसारखं दिसतं, अशी तक्रार येते. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये आणखी चित्रं स्वतः तयार करून भरतो आणि हालचाल खोटी वाटू लागते. ही सोय कंपन्यांनी मोशनफ्लो, ट्रूमोशन अशा नावांनी दिलेली असते. ती बंद करा. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा. दुकानातल्या झगमगाटासाठी ठेवलेला ‘व्हिव्हिड’ मोड सिनेमासाठी कधीच नको.

जुना सिनेमा ताणून पडदाभर करणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट सवय. 1930-40 च्या दशकांतलं चित्र जवळजवळ चौकोनी असायचं. ते रुंद टीव्हीवर ताणलं की ‘संत तुकाराम’मधली (1936) माणसं बुटकी आणि फुगलेली दिसतात. ज्या सिनेमाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, त्याची ही अवस्था बघवत नाही. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘कागज के फूल’सारख्या (1959) सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राच्या चित्रपटाला वर-खाली पट्ट्या येतात, त्याही राहू द्या. झूम करून त्या घालवल्या तर कडेला उभा असलेला माणूस कापला जातो, आणि दिग्दर्शकाने त्याला मुद्दामच तिथे उभं केलेलं असतं.

आवाजाचा त्रास मात्र चित्रापेक्षा जास्त होतो. अंधुक चित्र माणूस सहन करतो, पण संवाद कळले नाहीत की तो मोबाइल काढतो. क्लबहाउसमध्ये गणपतीचे स्पीकर असतात, तेच लावले जातात. ते गाण्यांसाठी बेस वाढवून ठेवलेले असतात, त्यामुळे बोलणं घुमतं. बेस कमी करा, स्पीकर छताजवळून उतरवून पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. फरशी आणि काचांच्या खिडक्या आवाज परतवतात. सतरंज्या अंथरा, पडदे ओढा. हॉल भरला की घुमणं आपोआप थोडं कमी होतं, म्हणून रिकाम्या हॉलमधल्या चाचणीवरून निराश होऊ नका.

पार्श्वसंगीत मोठं आणि संवाद मात्र कुजबुजल्यासारखे, असं होत असेल तर डबा बहुधा 5.1 चा, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा आवाज पाठवतोय आणि तुमच्याकडे स्पीकर दोनच आहेत. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात, तो तुमच्याकडे नाही. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करा. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तेव्हा बहुतेकदा दोष ब्लूटूथचा असतो. वायरने जोडा.

सबटायटल मागे-पुढे असतील आणि व्हीएलसीवर लावत असाल तर की-बोर्डवरची जी आणि एच ही बटणं ती सरकवतात. पण सुरुवातीला जुळणारी आणि पुढे पुढे लांबत जाणारी सबटायटल सरकवून उपयोग नाही. ती फाइल दुसऱ्या वेगाच्या प्रतीसाठी बनलेली असते, दुसरी शोधावी लागते. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवून बघा. आणि पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर येईल इतकी उंच ठेवा. मागच्या रांगेतल्या आजींना सबटायटलच्या जागी पुढच्याचं टक्कल दिसत असेल, तर इराणी सिनेमा कितीही सुंदर असला तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

हे सगळं आदल्या दिवशी तपासा, आणि सिनेमाच्या मधली दहा मिनिटं लावून तपासा. श्रेयनामावली सगळीकडे नीटच दिसते.

वेळ आणि परवानगी

रविवारी दुपारी मध्य, हार्बर किंवा ट्रान्सहार्बरवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता मोठी. डोंबिवली, ऐरोली, नेरूळहून येणारे असतील तर सुरुवात संध्याकाळी पाचला ठेवा. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि गच्चीवर दाखवताना हे विसरलं जातं. दोन तासांचा सिनेमा आणि तासभर बोलणं धरून आठ-साडेआठला मोकळं झालेलं बरं.

परवानगीचा प्रश्न टाळू नका. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती बघण्यासाठी असतं. चार मित्र हॉलमध्ये बसले ही एक गोष्ट, सूचनाफलकावर कागद लावून वर्गणी घेतली ही वेगळी. आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, म्हणून प्रभात फिल्म कंपनीचे जुने चित्रपट हा सुरुवातीसाठी सुंदर आणि निर्धास्त मार्ग आहे. नव्या मराठी चित्रपटासाठी निर्मात्याला लिहून विचारा. छोट्या चित्रपटांना थिएटरमध्ये आठवडाही मिळत नाही. लोक आपला सिनेमा बघून त्यावर बोलणार आहेत, हे कळल्यावर दिग्दर्शकाला स्वतः येऊन बसावंसंही वाटू शकतं.

बोलणं का बसतं

सिनेमा संपताक्षणी ट्यूबलाइट लावू नका. श्रेयनामावली संपेपर्यंत अंधार राहू द्या. ज्याच्या डोळ्यांत पाणी आलंय त्याला तेवढा वेळ हवा असतो. चहाही लगेच नको. एकदा कप हातात आले की तीन-तीन जणांचे घोळके होतात आणि विषय मुलांच्या शाळेवर जातो. पहिली फेरी बोलून झाली की मग चहा.

पहिला शब्द जाणकाराला देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रत्येक गटात एक जण असतो ज्याला छायाचित्रकाराचं नाव, चित्रीकरणाची जागा, दिग्दर्शकाचा पुढचा-मागचा प्रवास सगळं ठाऊक असतं. तो मनापासून बोलतो, चांगलं बोलतो आणि वीस मिनिटं बोलतो. नंतर पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्या काकूंना वाटतं, आपण काय वेगळं सांगणार? म्हणून क्रम उलटा करा. ज्यांनी आज पहिल्यांदा पाहिला ते आधी, ज्यांनी आधी पाहिलाय ते नंतर, आणि ज्याने सिनेमा आणला तो शेवटी. जाणकाराची माहिती वाया जात नाही. शेवटी ती विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येते, तेव्हा लोक ती कान देऊन ऐकतात.

‘कसा वाटला?’ हे विचारू नका. उत्तर ‘छान’ येतं आणि पुढे शांतता. ‘कुठला प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे?’ हे विचारा. ‘कंटाळा कुठे आला?’ हेही विचारा, आणि ते मोकळेपणाने विचारा. कंटाळ्यातून फार चांगली चर्चा निघते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) घ्या. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, तरीही ‘यात काही घडतच नाही’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना खोडून काढू नका. विचारा, की कॅमेरा हलत नव्हता तेव्हा तुम्ही काय बघत होतात? सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर घरी जातात, स्वयंपाक करतात, घरच्यांबरोबर नाटकाला जातात, हे आपल्याला का दाखवलं असेल? मग ठाण्याहून रोज लोकलने जाणारी कुणी म्हणते, ‘त्या माझ्यासारख्याच आहेत, म्हणून मला त्यांचा राग धड करता येईना.’ इथे सिनेमा खरा सुरू होतो. हे वाक्य कुठल्याच परीक्षणात सापडलं नसतं.

आपल्या आवडत्या सिनेमाला कुणी नावं ठेवली की दुखतं. ते स्वाभाविक आहे. पण आणणाऱ्याने बचावाला उभं राहिलं की बाकीचे त्याच्या भावना जपण्यासाठी गोड बोलू लागतात आणि पुढच्या महिन्यापासून कुणी खरं बोलत नाही. नावडण्याला कारण मागा, एवढंच. कारण सांगता सांगता माणूस सिनेमाकडे दुसऱ्यांदा बघतो.

पुस्तकावरचा सिनेमा असेल तर ‘कादंबरीत असं नव्हतं’ या मार्गाने फार लांब जाऊ नका. ‘सिंहासन’ (1979) अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आहे, पटकथा विजय तेंडुलकरांची. वगळलेल्या पात्रांची यादी सुरू झाली की न वाचलेले गप्प होतात. त्याऐवजी दोन पुस्तकांचा एक सिनेमा करताना तेंडुलकरांनी कोणाच्या नजरेतून सगळं बघायचं ठरवलं, हे विचारा. हा प्रश्न वाचलेल्यांना आणि न वाचलेल्यांना सारखाच खुला आहे.

फॉरवर्डवरची माहिती तपासल्याशिवाय सांगू नका. सगळ्यात जास्त गफलत ऑस्करची होते. ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ भारताकडून पाठवले गेले. दोघांनाही नामांकन मिळालं नव्हतं. परभाषिक चित्रपटाच्या विभागात भारताच्या तीनच चित्रपटांना नामांकन मिळालंय: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. पाठवला जाणं हाही मोठा मान आहे, तो फुगवायची काही गरज नाही. कमाईचे आकडे तर चर्चेत आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत. 1970 चं तिकीट आणि आजचं तिकीट यांची तुलना करून कुठल्याही सिनेमाबद्दल काहीही कळत नाही.

माणसं कमी झाली तर

खेळ रद्द करू नका. जुलैत पाऊस धरला की घोडबंदरवरून कुणी निघत नाही, मे महिन्यात सगळे गावी. चौघंच आले तरी लावा, कारण महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे सिनेमा हे पक्कं झालं की गेलेली माणसं परत येतात. आणि जे दोन-तीन वेळा आले पण काहीच बोलले नाहीत, त्यांना चर्चेत ओढू नका. निघताना हळूच विचारा, ‘पुढच्या वेळचा सिनेमा तुम्ही आणाल का?’ गप्प बसणाऱ्याकडेही दाखवण्याजोगा एक सिनेमा असतोच, आणि तो बहुधा गटातल्या कुणीच पाहिलेला नसतो.