चाच्यांचा संघ रचताय? या चुका टाळा

फॅन्टसी लिहिणाऱ्यांच्या मसुद्यांत चाच्यांचा संघ हमखास भेटतो आणि बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. पहिल्या बैठकीचा प्रसंग झकास रंगतो: सात कप्तान, सात झेंडे, मेजावर रोवलेला खंजीर. तिसऱ्या प्रकरणापर्यंत मात्र त्या सातांची एकच फौज होऊन जाते, नाहीतर सगळे इतके विस्कटतात की हे मुळात एकत्र आलेच कशाला, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. संघ सैल का आहे आणि सैल असूनही टिकून का आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पटाव्या लागतात. म्हणून प्रत्येक कप्तानाबद्दल स्वतःला विचारा: हा उद्या बाहेर पडला, तर याचं नेमकं काय बुडेल? कथा लिहीत असाल किंवा मित्रांसाठी भूमिकांचा खेळ चालवत असाल, दोन्हीकडे याचं उत्तर तयार हवं.

संघाला राजा देऊन टाकणं

कथानक अडलं की लेखक एका कप्तानाला सर्वांचा धनी करतो. त्याने हुकूम सोडायचा आणि चाळीस जहाजांनी शिडं उभारायची. इथेच संघ संपतो आणि आरमार सुरू होतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या अटलांटिक चाच्यांकडे बघा. तिथे एकेका जहाजावरसुद्धा कप्तानाची सत्ता मर्यादित होती. पाठलाग आणि लढाई चालू असेपर्यंत त्याचा शब्द अखेरचा; एरवी मतदान. लुटीची वाटणी क्वार्टरमास्टर, म्हणजे कप्तानाखालोखालचा अधिकारी, बघायचा. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरच्या करारात कप्तानाला आणि क्वार्टरमास्टरला दोन-दोन वाटे होते आणि साध्या खलाशाला एक. एवढाच फरक.

चार्ल्स व्हेनची हकिगत तर प्रसंग म्हणून जशीच्या तशी उभी आहे. नोव्हेंबर १७१८ मध्ये समोर फ्रेंच लढाऊ जहाज आल्यावर व्हेनने पळ काढायचं ठरवलं. बहुतेकांना लढायचं होतं, पण त्या घडीला निर्णय कप्तानाचा, म्हणून कोणी आडवं आलं नाही. दुसऱ्या दिवशी मत घेतलं गेलं, व्हेनला भित्रा ठरवून एका लहान जहाजावर मोजक्या साथीदारांसह रवाना केलं आणि क्वार्टरमास्टर जॉन रॅकहॅमला कप्तान केलं. तुमच्या जगात हुकूम कुठे चालतो आणि कुठे संपतो, याची रेघ इतकी स्पष्ट असेल तर नाट्य आपोआप घडतं. एकाच जहाजावर हे असेल, तर सात जहाजांच्या बैठकीत राजा कुठून येणार?

"आपण सगळे दर्यावर्दी भाऊ" एवढ्यावर भागवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यावरचा उपाय सर्वांत रंजक. त्यासाठी दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर जाऊ.

अठराव्या शतकाच्या शेवटी ग्वांगडाँगचे अनेक चाचे व्हिएतनामच्या तायसन राज्यकर्त्यांसाठी लढत होते. १८०२ मध्ये तायसन सत्ता कोसळली, आश्रय गेला आणि ही सगळी माणसं आपल्या किनाऱ्यावर परतून एकमेकांचेच गळे धरू लागली. १८०५ मध्ये झेंग यी आणि इतर म्होरक्यांनी लेखी करार केला. त्यातून लाल, काळा, पांढरा, हिरवा, निळा आणि पिवळा अशा सहा झेंड्यांचे ताफे उभे राहिले. प्रत्येक ताफ्याचा म्होरक्या वेगळा, वावराचा टापू वेगळा.

त्या करारात काय आहे, हे नीट बघण्यासारखं आहे. शत्रूशी कसं लढायचं यापेक्षा आपसात कसं भांडायचं नाही, यावरच त्याचा भर आहे. प्रत्येक नावेची नोंद करायची, नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, तिची खूण हवी. नोंद एका ताफ्यात आणि झेंडा दुसऱ्याचा असं आढळलं, तर नाव आणि हत्यारं जप्त. आणि ज्या व्यापारी जहाजाने परवाना विकत घेतला आहे त्याला कोणी लुटलं, तर लुटणाऱ्याने भरपाई द्यायची.

परवान्याचा हा नियम म्हणजे संघाचं खरं बळ. मिठाची जहाजं, व्यापारी, कोळी असे सगळे पैसे मोजून परवाना घ्यायचे, कारण तो दाखवला की सहाही ताफे वाट सोडत. एकटा कप्तान असा परवाना विकू शकत नाही. त्याचा कागद पुढच्या खाडीतला दुसरा चाचा फाडून फेकेल. आणि एका उतावळ्या टोळीने परवान्याचं जहाज लुटलं, तर पुढच्या महिन्यात कोणीच पैसे भरणार नाही. आता ‘याचं काय बुडेल’ याला रोकड उत्तर मिळालं.

तुमच्या जगात परवाना कागदाचाच हवा असं नाही. नाळेला बांधलेली रंगीत दोरीची गाठ चालेल, मंतरलेला शंख चालेल. मात्र त्याची नक्कल करणारा एक कारागीर गोष्टीत आणा. खोटा परवाना दाखवणाऱ्या जहाजाचं काय करायचं, यावर दोन कप्तानांचं जुंपलं की बैठकीचा प्रसंग खंजिराशिवाय रंगेल.

कधी कधी अल्पकाळाची युतीही पुरते. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीसह अनेक कप्तान तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दबा धरून बसले होते, ते सुरतेला परतणाऱ्या मोगल जहाजांसाठी. औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ एव्हरीच्या हाती लागलं आणि मग जो तो आपापल्या वाटेला लागला. त्या लुटीचा राग मात्र सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांवर निघाला, त्यांना कैदेत पडावं लागलं. तुमचा संघ असा एका शिकारीपुरता असेल तर तसंच लिहा. त्याला शंभर वर्षांची परंपरा चिकटवू नका. आणि त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते, हे विसरू नका.

सर्वांनी त्यांना चाचेच म्हणणं

आपल्या किनाऱ्याचं उदाहरण इथे टाळताच येणार नाही. कान्होजी आंग्रे मराठी सत्तेचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपलं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, ही त्यांची मागणी होती. पोर्तुगीज याच समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचा आपला परवाना सक्तीने घ्यायला लावत होतेच. तरीही इंग्रजी कागदांत चाचा म्हणून नोंद झाली ती कान्होजींची. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. ‘चाचा’ हा शिक्का कोणी, कोणत्या फायद्यासाठी मारला, हे तुमच्या जगात दिसायलाच हवं. म्हणजे एकाच माणसाला एका बंदरात फाशीची शिक्षा ठोठावलेली असेल आणि दुसऱ्या बंदरात त्याला सलामीच्या तोफा उडतील. कान्होजींना मात्र सरसकट चाच्यांच्या राजाचा नमुना करू नका. तो इतिहासावर अन्याय आहे.

लूट आहे, बाजार नाही

गुहेत सोनं साठतं, पण तांदूळ, दारूगोळा, दोरखंड आणि शिडाचं कापड कुठून येतं? रेशमाच्या शंभर गाठी कोण विकत घेतो? किनाऱ्यावरची गावं, दलाल, लाच खाणारा अधिकारी यांच्याशिवाय संघ महिनाभरही टिकणार नाही. एव्हरी १६९६ मध्ये बहामा बेटांवरच्या नॅसॉ बंदरात पोहोचला तो तिथल्या गव्हर्नरला लाच देऊनच.

शत्रूलाही हे कळतं. १८०९ मध्ये बाय लिंग ग्वांगडाँगचा कारभारी झाला आणि त्याने चाच्यांची रसद तोडण्यासाठी सागरी वाहतूकच आवळली. मीठ खुष्कीच्या मार्गाने न्यायला लावलं. समुद्रावर शिकार उरली नाही, तसे चाचे पर्ल नदीच्या मुखातून आत घुसले आणि गावं लुटू लागले. ज्या गावांच्या आधारावर जगायचं, त्यांच्यावरच हात टाकायची पाळी आली. तुमच्या कथेचा मध्य ढिला पडत असेल, तर रसद तोडून बघा.

समुद्राला सपाट रस्ता समजणं

लाकडी जहाज सतत धावू शकत नाही. बुडाला शेवाळ आणि शंख-शिंपल्यांचा थर चढतो, जहाज जड होतं, लाकूड पोखरणारे किडे आत शिरतात. मग निवांत खाडी शोधायची, तोफा आणि सामान किनाऱ्यावर उतरवायचं, भरती-ओहोटीचा अंदाज घेऊन जहाज कुशीवर कलंडवायचं, बूड खरवडायचं, भेगांत काथ्या आणि डांबर ठासायचं. या दिवसांत सर्वांत भयंकर कप्तानही हतबल असतो. अशी सुरक्षित खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी इतर सहाजण वाकडं घेणार नाहीत. संघात राहायला हेही कारण भक्कम आहे.

ऋतूंचंही तेच. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जातात. तुमच्या समुद्राला असा बंद काळ द्या. सगळे कप्तान एकाच बंदरात चार महिने अडकले, की करार तिथेच होतील आणि वैरंही तिथेच.

जादूबद्दल थोडक्यात: दूरच्या जहाजांना क्षणात निरोप देणारा मंत्र ठेवलात, तर सैलपणा गेलाच म्हणून समजा. ठेवायचाच असेल तर महाग करा.

शेवट एका महायुद्धात उरकणं

असे संघ बहुधा माफीने फुटतात. इंग्लंडच्या राजाने सप्टेंबर १७१७ मध्ये माफी जाहीर केली. ती घेऊन बेंजामिन हॉर्निगोल्ड आपल्या जुन्या सोबत्यांचीच शिकार करू लागला, तर व्हेनने ती धुडकावली.

चीनमध्ये झेंग यी १८०७ मध्ये वारला. त्याची बायको झेंग यी साव हिने दत्तकपुत्र झांग बावच्या साथीने कारभार हाती घेतला. नोव्हेंबर १८०९ मध्ये झांग बाव लांताव बेटाजवळ कोंडला गेला. काळ्या झेंड्याच्या ग्वो पोदायकडे त्याने मदत मागितली. तो आला नाही. पुढे दोघे एकमेकांवरच तुटून पडले आणि जानेवारी १८१० मध्ये ग्वो सरकारला शरण गेला. एप्रिलमध्ये झेंग यी साव हत्यारं न घेता, बायका-मुलांना सोबत घेऊन ग्वांगडाँगच्या राजधानीत, कँटनला, बोलणी करायला गेली. तिच्या माणसांना लूट ठेवता आली, झांग बावला सरकारी आरमारात अधिकारपद मिळालं. निळ्या झेंड्याचा म्होरक्या मात्र पकडला जाऊन मारला गेला आणि त्या मोहिमेत झांग बाव सरकारी बाजूने होता.

तेव्हा लढाईचा नकाशा काढण्याआधी माफीची यादी लिहून काढा: कोणाला पद मिळेल, कोणाला फक्त जीव, कोणाचं नाव मुद्दाम गाळलं जाईल, आणि त्या गाळलेल्या कप्तानाला ही बातमी कोणाच्या तोंडून कळेल.