उशाशी रेडिओ-घड्याळ: कोकणात घेताना आणि वापरताना

डोंगराआडच्या वाडीत एफएम पोचेलच असं नाही, म्हणून मीडियम वेव्ह (एएम, एफएमपेक्षा लांब पोचणारा रेडिओचा पट्टा) असलेलाच सेट घ्या. परदेशातून कोणी आणून दिला तर दोन गोष्टी तपासा. मीडियम वेव्हची पायरी, म्हणजे केंद्र शोधताना आकडा एका वेळी जितका सरकतो ती, ९ किलोहर्ट्झ हवी. अमेरिकी सेट १० ने उड्या मारतो, मग केंद्र नेमकं लागत नाही. दुसरं, अमेरिकी विजेच्या ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० आवर्तनं) वेळ मोजणारं घड्याळ आपल्या ५० हर्ट्झवर तासाला १० मिनिटं मागे पडतं. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून ते सुधारत नाही.

पावसाळ्यात लाईट जाणारच. बॅकअपचा सेल बहुतेक सेटांत फक्त वेळ सांभाळतो, गजर वाजवत नाही. एकदा गजर लावून प्लग काढून बघाच. पहाटेची एसटी गाठायची असेल तर जोडीला चावीचं घड्याळ ठेवा. खाऱ्या दमट हवेत सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो बारीक पॉलिशपेपरने हलका खरवडा, सेल दरवर्षी बदला.

मीडियम वेव्हवर घरघर आली तर आधी शेजारचा मोबाईल चार्जर काढा, मग सेट हळूहळू फिरवा, कारण अँटेना आतल्या फेराइट (चुंबकीय पदार्थाच्या) कांडीची असते आणि ती ठरावीक दिशेलाच नीट पकडते. एफएमला मात्र मागची वायर ताणून खिडकीकडे न्या.

झोपताना आवाज तपासा, घड्याळावरचा सकाळ की संध्याकाळ दाखवणारा ठिपकाही. गजर बझरवरच बरा, केंद्र बंद असलं तर रेडिओ मुकाच राहतो. वीज कडाडायच्या आधी प्लग काढा.