खिशातला लिनक्स बागेत नेताना आधी घड्याळ बसवा

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. फवारणीची नोंद मी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकावर ठेवतो. ६५ बाय ३० मिलिमीटरचा बोर्ड, वर साडेतीन इंची स्क्रीन, खाली पॉवर बँक आणि छोटा ब्लूटूथ कीबोर्ड; सगळं सदऱ्याच्या खिशात मावतं. असा खिशातला संगणक कुणाला करायचा असेल तर स्क्रीन-केसिंगच्या मागे लागण्याआधी घड्याळाचं बघा.

या बोर्डाला सेलवर चालणारं स्वतःचं घड्याळ नाही. नेट असलं की तो वेळ नेटवरून घेतो, नसलं की बंद करताना जी वेळ होती तिथून पुढे मोजायला लागतो. रेंज नसलेल्या बागेत चार दिवसांनी चालू केला, तर नोंदीवर चार दिवसांपूर्वीची तारीख पडते. द्राक्षाचं तर सगळं छाटणीनंतरच्या दिवसांवर चालतं. शिवाय शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस सोडायचे, हे औषधागणिक ठरलेलं असतं. तारीख चुकली की अख्खी नोंद वाया.

मेमरी कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची लाइट, म्हणजे डेस्कटॉप नसलेली, आवृत्ती टाका. रॅम ५१२ एमबीच आहे, डेस्कटॉपच्या नादी लागू नका. युजर, पासवर्ड, वायफाय, टाइमझोन हे सगळं इमेजरमध्येच, म्हणजे कार्डावर ओएस लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्येच भरा. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं पकडतं, मोबाइलचा हॉटस्पॉट त्याच बँडवर ठेवा.

घड्याळासाठी डीएस३२३१ हे सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल घ्या. पिनांवर थेट बसणारं मिळतं, पण माझी स्क्रीन त्या पिना झाकते. म्हणून बोर्ड उलटा करून मागून चार वायरी सोल्डर केल्या: पिन १ वर ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए (डेटा), ५ वर एससीएल (क्लॉक), ९ वर ग्राउंड. १ च्या शेजारी २ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट असतात. सोल्डर तिकडे ओघळलं का, हे वीज जोडण्याआधी भिंगातून बघाच.

मग रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या कमांडमध्ये आय२सी (मॉड्यूल ज्या जोडणीवरून बोर्डाशी बोलतं ती) चालू करा, बूट पार्टिशनवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये या घड्याळाची ओळख करून देणारी आय२सी-आरटीसी ओव्हरलेची ओळ डीएस३२३१ च्या नावासह घाला आणि रीबूट करा. एकदा नेटवर वेळ बरोबर आली की ती एचडब्ल्यूक्लॉक कमांडनं मॉड्यूलमध्ये लिहा. टाइमडेटसीटीएल कमांड आरटीसीची, म्हणजे या मॉड्यूलची, वेळ साडेपाच तास मागे दाखवेल. ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिला हात लावू नका. खात्री करायला हॉटस्पॉट बंद ठेवून, रात्रभर बंद असलेला बोर्ड सकाळी चालू करून तारीख बघा.

नोंदीसाठी छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडींची फाइल, पुरते. प्लॉट, औषध, प्रमाण, पाणी एवढंच विचारते. तारीख स्वतः घालते. छाटणीनंतरचे दिवसही तीच काढते: आजच्या तारखेच्या सेकंदांतून छाटणीच्या तारखेचे सेकंद वजा करायचे आणि ८६४०० नं भागायचं. भुरी रोग दिसला, ढगाळ हवा आहे, अशा शेऱ्यासाठी शेवटी एक रकाना ठेवा. पुढच्या हंगामात तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. डेस्कटॉपशिवायच्या साध्या कन्सोलवर देवनागरी नीट उमटत नाही, त्यामुळे मी इंग्रजी अक्षरांत लिहितो.

पॉवर बँक तशीच उपसू नका, कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. पॉवरऑफ द्या, हिरवा दिवा विझू द्या, मगच वायर काढा. आणि नोंदीची सीएसव्ही (रकान्यांची साधी मजकूर) फाइल रोज संध्याकाळी मोबाइलवर कॉपी करून घ्या.