आगोटीची कामं उरकताना डोंगराकडेही बघा

मृग तोंडावर आलाय, राब (रोपांच्या जागेवर पाला-पाचोळा जाळणं) भाजून झाले, आता नांगर आणि बियाणं यांचीच घाई. तरी चिपळूण, खेड, संगमेश्वरकडच्या मंडळींनी दोन मिनिटं काढून हे वाचा.

साधा हिशेब धरा. एका गुंठ्यावर 1 मिमी पाऊस म्हणजे अंदाजे 100 लिटर पाणी. आपल्याकडे दिवसाला 100 मिमी पडणं काही नवीन नाही, म्हणजे एकराला 4 लाख लिटर. रान असेल तर त्यातलं बरंचसं पाचोळ्यात, मुळांत मुरतं आणि उरलेलं सावकाश पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागतं, बोडक्या उतारावरून तेच पाणी धाडकन खाली, ते पण मातीसकट. 22 जुलै 2021 चा वाशिष्ठीचा पूर नुसत्या झाडांनी अडला असता असं मी म्हणणार नाही, पाऊसच तसा होता, पण नदीत बसणारा गाळ आपल्याच डोंगरांवरून जातो ना.

आमच्या वरच्या अंगाला एकाने काजूसाठी जेसीबी घालून ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या सगळं मुळासकट काढलं. पहिल्याच मोठ्या पावसात पऱ्या लालभडक, आमच्या दोन खाचरांत वीतभर रेव बसली, लावणीच्या आधी घमेल्यांनी उपसत होतो. त्याच्याकडे काय उरलं तर उघडा जांभा दगड.

काजू लावा की, पण 7 बाय 7 मीटरवर खड्ड्यापुरतंच साफ करा, मधलं रान राहू दे, गवत वाढलं की कापून रोपाच्या बुंध्याशी पसरा. हलक्या उतारावर आडवे चर मारा, 60 सेंमी रुंद, 30 खोल आणि 10 मीटर लांब चर एका भरण्यात 1800 लिटर धरतो. मात्र उभ्या चढावर किंवा जमिनीला भेगा दिसतात तिथे चर अजिबात नको, तिथे पाणी मुरवणं म्हणजे दरडीला आमंत्रण. तिथली झाडं आहेत तशी ठेवा, बस्स.

आणि ते कार्बन कार्बन टीव्हीवर चालू असतं ना, माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ लिहिलेला असतो तोच तो. झाड हवेतला कर्ब खेचतं, सुक्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन त्याचंच, पाचोळा कुजला की थोडा मातीत उतरतो आणि तशी माती पाणीही जास्त धरते. वणव्यात, भाजावळीत तोच धूर होऊन जातो. यंदाचे राब झाले ते झाले, पुढच्या वर्षी राबासाठी कवळं (झाडांच्या पाल्याच्या फांद्या) कमी तोडायची असतील तर बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, वाढलं की पाला चिखलणीत गाडता येतो. खाडीकाठच्यांनी कांदळवनाला कोयता लावू नये, लाटांचा मार तेच खातं आणि त्याच्या चिखलात कर्ब वर्षानुवर्षं पडून राहतो.

गिरिपुष्पाच्या फांद्या अंगठ्यापेक्षा जाड, दीड-दोन हात लांब घ्या, दोन-तीन चांगले पाऊस झाले की खोचा. कोवळ्या घेऊ नका, कुजतात, माझ्या गेल्या वर्षी निम्म्या गेल्या.