थायरॉक्सिनची गोळी कशी घ्यावी आणि तिची मात्रा कशी ठरते

थायरॉईड ग्रंथी मंदावली की शरीराला थायरॉक्सिन अपुरे पडते, आणि ते बाहेरून पुरवणे हाच हायपोथायरॉइडिझमचा मुख्य उपचार होय. लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीत असलेले संप्रेरक निरोगी ग्रंथीतून स्रवणाऱ्या टी-४ (म्हणजेच थायरॉक्सिन) सारखेच असते आणि त्यापासून शरीर गरजेप्रमाणे टी-३ हे अधिक क्रियाशील संप्रेरक तयार करून घेते. औषध साधे असले तरी ते घेण्याची शिस्त काटेकोर आहे. म्हणून रक्ततपासणीचा अहवाल बिघडला की मात्रा वाढवण्याआधी गोळी नेमकी कशी घेतली जाते, हे तपासून पाहावे.

गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य असल्यास तासभर, काहीही खाऊ नये; चहा-कॉफीदेखील टाळावी, कारण अन्न आणि कॉफी या दोन्हींमुळे औषधाचे आतड्यातील शोषण घटते. ज्यांना सकाळी हे जमत नाही, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर तीन ते चार तासांनी गोळी घेतली तरी चालते, मात्र एकदा ठरवलेली वेळ बदलत राहू नये. कॅल्शियम, लोह आणि काही अँटासिड यांचा थायरॉक्सिनशी आतड्यातच संयोग होत असल्याने त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. या एकाच कारणाने कित्येकांची मात्रा विनाकारण वाढवली जाते, म्हणून आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

ग्रंथीचे काम जवळजवळ थांबलेले असल्यास प्रौढांना साधारणपणे दर किलो वजनामागे रोज १.६ मायक्रोग्रॅम औषध लागते. वृद्धांमध्ये आणि हृदयविकार असलेल्यांमध्ये मात्र १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवतात. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यावर टीएसएचची (थायरॉईडला काम करायला लावणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकाची) तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी. त्याआधीचा आकडा दिशाभूल करू शकतो. हा काळ रुग्णाला फार लांब वाटतो, आणि थकवा लगेच जात नाही म्हणून स्वतःहून गोळी वाढवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. बायोटिनच्या (केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवाव्यात, कारण त्यामुळे अहवाल चुकू शकतो.

गर्भधारणेत थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. म्हणून उपचार सुरू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेचे नियोजन करतानाच डॉक्टरांशी बोलावे आणि दिवस राहिल्याचे कळताच त्यांना कळवावे. गोळी बंद तर मुळीच करू नये.

छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणे, कारण नसताना वजन घटणे ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे असू शकतात, आणि ती दीर्घकाळ तशीच राहिल्यास हृदयाची लय बिघडते व हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे केवळ वजन उतरवण्यासाठी हे औषध घेणे धोक्याचे आहे. छातीत दुखू लागल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.