डिमेन्शियाचं मॉडेल बनवताय? आधी माणसं मोजा

पायथन येतं, एमआरआय कळतो, असं धरूनच लिहितेय.

मे महिना होता. त्रिमूर्तीनगरच्या खोलीत कूलरसमोर बसले होते आणि मेंदूच्या स्कॅनवरून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, ओळखणाऱ्या माझ्या प्रोजेक्टची स्क्रीनवर ९८ टक्के अचूकता आली. आजी तेव्हा मला आत्याच्या नावाने हाक मारायची. मला रडूच फुटलं. आई धावत आली, "काहून रडून राहिली?"

पुढे धंतोलीतल्या एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना ते दाखवलं. त्यांनी विचारलं, "माणसं किती?" मी म्हटलं, ३७३. "ते स्कॅन झाले. माणसं?"

माणसं होती १५०. मी वापरलेला ओअ‍ॅसिस-२ हा अमेरिकेतल्या सेंट लुईसचा खुला डेटा. ६० ते ९६ वयाची माणसं, प्रत्येक जण दोन किंवा जास्त वेळा आलेला. मी माणसं न बघता सरळ ओळींवर, म्हणजे एकेका स्कॅनवर, ट्रेन-टेस्ट पाडलं होतं. एकाच आजोबांचा पहिला स्कॅन ट्रेनिंगमध्ये आणि दोन वर्षांनंतरचा टेस्टमध्ये! मॉडेल आजोबांनाच ओळखत होतं. एमआरआयचे स्लाइस घेतलेत तर हा घोळ आणखी वाढतो. विभागणी सब्जेक्ट आयडीवरच करा, एका माणसाचे सगळे स्कॅन एकाच बाजूला ठेवणारं ग्रुप-के-फोल्ड वापरा. सीडीआर, म्हणजे डिमेन्शिया किती आहे याचा डॉक्टरांनी दिलेला गुण, तो कॉलमही काढून टाका. लेबल त्याच्यावरूनच ठरलंय, म्हणजे तुम्ही उत्तरच प्रश्नपत्रिकेत छापताय.

आणि 'लवकर ओळखणं' म्हणाल तर, पहिल्या भेटीत ठणठणीत असून पुढे आजार दिसलेले त्यात फक्त १४ जण आहेत. बरेच जण त्यांना सरळ वगळतात. प्रश्न तर त्यांचाच आहे!

इंटरनेटवरची तयार कोडची नोटबुक उचलू नका. "अ‍ॅक्युरसी किती?" एवढंच विचारणाऱ्या गाइडपेक्षा अर्धा तास देणारा डॉक्टर शोधा, दोनदा नकार आला तरी.

या डेटातली एमएमएसई, म्हणजे स्मरण आणि विचार तपासणारी छोटी चाचणी, ३० गुणांची. त्यात शंभरातून सात-सात वजा करायचे, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे. दुसरी शिकलेली माझी आजी तरुणपणीही तिथे अडली असती. ओअ‍ॅसिस-२ मध्ये सगळ्यात कमी शिक्षण सहा वर्षांचं आहे. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायका त्यात नाहीतच. अशांसाठी आपल्याकडे हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन बनली, ती नक्की वाचा.

विभागणी सुधारल्यावर माझा आकडा ७३ वर आला. आठवडाभर लॅपटॉप उघडवला नाही. तुमचाही पडेल. घाबरू नका, खोडूही नका. मी तोच छापला, शेजारी जुना ९८ आणि तो का चुकला ते लिहिलं. व्हायव्हात अर्धा तास त्याच पानावर गेला आणि परीक्षकांनी ते पान फोटो काढून नेलं.