रिसेप्शनला पहिल्यांदा डीजे वाजवताय? आधी दोन्हीकडच्यांना गाणी विचारा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडं एक पार्टी मराठी आणि दुसरी कन्नड असं लग्न काय नवीन नाही, त्यामुळं नुसती हिंदी हिट गाणी लावून इथं भागत नाही. आठवडाभर आधी दोन्ही घरी फोन करा. एन्ट्रीला कुठलं गाणं, केक कापणार काय, आणि कुठलं गाणं अजिबात नको हेपण विचारा. कन्नड कळत नसेल तर कळणाऱ्या मित्राला घेऊन बसा आणि गाण्याचा अर्थ समजून घ्या की, नवरा-नवरी स्टेजवर उभी असताना विरहाचं गाणं वाजलं तर घरच्यांना वाईट वाटतंय.

सगळी गाणी लॅपटॉपमध्ये डाउनलोड पाहिजेत, तीच पेनड्राइव्हवरपण. कार्यालयातल्या नेटवर भरोसा ठेवू नका.

पाव्हणे यायच्या दोन तास आधी पोचा. चालू करताना आधी मिक्सर (गाणी आणि माईक ज्याला जोडतात ते मशीन), सगळ्यात शेवटी स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प. बंद करताना अ‍ॅम्प पहिला, नाहीतर धाडकन आवाज येऊन स्पीकर जाऊ शकतोय. मिक्सरवरचा आवाजाचा मीटर लाल दिव्यावर गेला की आवाज फाटतो, तेव्हा खालीच ठेवा. माईक घेऊन कुणी स्पीकरपुढं आलं की शिट्टी वाजणार, म्हणून सूत्रसंचालन करणाऱ्याला उभं राहायची जागा आधीच दाखवा. टेस्टिंगला रिकामा हॉल घुमतो, माणसं भरल्यावर तोच आवाज दबतो, तर मधी एकदा हॉलच्या मागं जाऊन ऐकून या.

आता मिक्सिंग, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाणं. नवीन पोरं इथंच अडकतात. बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या ठेक्यात असतात आणि क्लबची गाणी चारच्या, त्यांचं बीट जुळवायला गेलं की दोन्ही गाणी बिघडतात. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वादक समोर बसून वाजवायचे, लय थोडी पुढं-मागं होते, मग ठेका आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअरचं सिंकपण चुकतं. अशा वेळी ओळ संपू द्या, एको (आवाज घुमत विरत जातो तो इफेक्ट) टाकून गाणं सोडा आणि पुढचं सरळ ठेक्यावरच चालू करा, नाचणाऱ्यांना तेच आवडतं. दोन-तीन मराठी झाली की कन्नड जनपद म्हणजे तिकडची लोकगीतं घ्या, म्हणजे तिकडची मंडळीपण उठतील. जेवणं चालली असतील तेव्हा मात्र आवाज एवढाच ठेवा की पंगतीतल्या आजीला शेजारचीचं बोलणं ऐकू यावं.

उघड्या लॉनवर असाल तर रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. परवानगीचा कागद यजमानांकडून आधीच बघून घ्या आणि पावणेदहालाच शेवटची दोन गाणी जाहीर करा, एक मराठी, एक कन्नड.